घेणाऱ्याला बोलणारी डबी, देणाऱ्याला काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. मोबाइलवरून पैसे भलतीकडे जातात त्याला लोकांची बेफिकिरी कारणीभूत आहे, स्क्रीनवर सगळं लिहिलेलं असतं पण लोक वाचत नाहीत, आणि साठीपुढच्यांनी तर या भानगडीत पडूच नये, असा त्याचा एकंदर सूर. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. बडोद्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेत सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक कॅश काउंटरच्या जाळीमागे, आणि 31 ऑक्टोबर 2016 ला हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. आठव्या दिवशी नोटाबंदी जाहीर झाली. माझ्या सहकाऱ्यांनी अजून मला त्याबद्दल माफ केलेलं नाही.

तर पत्रलेखकाचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. लोक वाचत नाहीत. मीही वाचलं नाही आणि 18,500 रुपये भलत्याच माणसाला पाठवून बसले. पण त्यावरून त्यांनी जो निकाल दिला आहे तो मला पटत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. कापायचं असेल तर आपला अधिकार आहे, फक्त आकडे तेवढे कापू नका.

झालं असं की नातवाची मुंज ठरली आणि केटरिंगवाल्यांना अ‍ॅडव्हान्स द्यायचा होता. आमच्या ओळखीत एकाच नावाचे दोन भाई आहेत. एक हे केटरिंगवाले, दुसरे बडोद्याच्या वाडी भागातले लाइटवाले, म्हणजे विजेची दुरुस्ती करणारे, ज्यांनी चार वर्षांपूर्वी आमचा गिझर दुरुस्त केला होता. नाव इथे देत नाही, कारण लाइटवाल्या भाईंनी ‘पेपरमां नाम ना आपता’ असं बजावलं आहे. सकाळची साडेसातची वेळ. एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुकर, फोन ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवलेला. नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली, सगळ्यात वर जो गोल आला त्यावर बोट ठेवलं, आकडा टाकला, पिन टाकला, टण्ण वाजलं, हिरवी टिक आली. दूध उतू गेलं नाही याचंच मला समाधान.

पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर पूर्ण नाव आलं होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. केटरिंगवाल्यांचं आडनाव मी वीस वर्षं जाणते. समोर दिसत होतं ते दुसरंच होतं. मी ते पाहिलं, वाचलं मात्र नाही. तिसऱ्या दिवशी केटरिंगवाल्यांचा फोन आला, ‘बेन, अ‍ॅडव्हान्सनुं शुं थयुं?’, तेव्हा माझ्या पायाखालची फरशी सरकली.

आता काउंटरवर आम्ही काय करायचो ते सांगते, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल.

मी 1979 साली लागले तेव्हा पैसे काढायला आलेला माणूस स्लिप भरून द्यायचा आणि त्याला एक पितळी टोकन मिळायचं. स्लिप आधी लेजरवर, म्हणजे खातेवहीकडे, तिथून सही करून मंजुरी देणाऱ्या पासिंग ऑफिसरकडे, तिथून माझ्याकडे. मी ती स्क्रोलमध्ये चढवायची. आजच्या मुलांना स्क्रोल म्हणजे अंगठा वर सरकवणं. आमची स्क्रोल म्हणजे एक लांबोडकी वही होती, जिच्यात प्रत्येक देणं ओळीने उतरायचं आणि संध्याकाळी जिचा ताळा जमल्याशिवाय घरी जाता यायचं नाही. एकदा दोन रुपयांसाठी आम्ही चौघं रात्री सव्वानऊपर्यंत बसलो होतो. स्लिप चढवली की टोकनचा नंबर पुकारायचा, माणूस जाळीपाशी आला की टोकन घ्यायचं आणि विचारायचं. मराठी असला तर ‘किती?’, गुजराती असला तर ‘केटला?’.

रक्कम स्लिपवर लिहिलेली असायची. ऑफिसरची सही असायची. मला माहीत, त्यालाही माहीत. तरी विचारायचं, आणि त्याच्या तोंडून आकडा निघाल्याशिवाय नोटेला हात लावायचा नाही, असं मला माझ्या पहिल्या हेड कॅशियरसाहेबांनी शिकवलं. एखादा चिडायचा, ‘लखेलुं तो छे!’, लिहिलंय की, म्हणायचा. आम्ही हसून पुन्हा ‘केटला?’. गर्दीत दुसऱ्याचा नंबर आपला समजून भलताच माणूस पुढे आलेला असायचा, तो यात सापडायचा, हे एक. दुसरं मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. आकडा तोंडाने बोलताना माणूस स्वतःच त्या आकड्याकडे एकदा वळून बघतो. ‘चार ह… थांबा हं, मी चाळीस लिहिले का?’ असं म्हणून स्लिप फाडून नवी भरणारी माणसं मी डझनाने पाहिली. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, एक गणिताचे मास्तर होते.

चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहायची तीही त्याचसाठी. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये सांगून ठेवलं आहे की दोन्हींत फरक निघाला तर अक्षरी रक्कम धरावी. एक शून्य जास्तीचं पडायला नुसता हात पुरतो. ‘चाळीस हजार’ लिहायला डोकं जागं लागतं.

आणि आमच्यातली माणसंही वाचायची असं नाही, हे कबूल करते. एका मार्चअखेरीची गोष्ट. अंकी 7,500 आणि अक्षरी पंच्याहत्तर हजार अशी स्लिप दोन सह्या होऊन माझ्या हातात आली. सही करणारे दोघेही हुशार, सचोटीचे. पण दिवसाला तीनशे कागदांवर सही करणाऱ्याचा हात चालतो आणि डोळे बाहेर चहावाल्याकडे असतात. मी पकडलं, तेही वाचून पकडलं नाही. ‘केटला?’ म्हटल्यावर गिऱ्हाईक ‘साडा सात हजार’ म्हणालं आणि माझा हात पंच्याहत्तर हजारांच्या गड्ड्यांकडे निघाला होता, म्हणून पकडलं गेलं.

म्हणून ‘स्क्रीनवर सगळं लिहिलेलं असतं’ हे ऐकलं की मला हसू येतं. रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024 ला बँकांना सांगितलं की एनईएफटी-आरटीजीएसने, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट, पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव दिसायची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करा. तोवर नुसत्या खाते नंबरावर पैसे जमा होत असत, नाव काहीही लिहा. यूपीआयच्या अ‍ॅपांनाही जून 2025 अखेरपर्यंत बँकेतल्या नोंदीप्रमाणेच नाव दाखवायला सांगण्यात आलं. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसातून दहा वेळा जे नाव बरोबरच असतं ते अकराव्यांदा कोण वाचतं? डोळ्यांना सवय झाली की देवघरातला फोटो तिरका झालेला आठवडाभर कोणाला दिसत नाही.

यंत्रवाल्यांना हे कळत नाही असं नाही. जेव्हा त्यांना कळतं तेव्हा ते माणसाला बोल लावत बसत नाहीत. आमच्या शाखेजवळ पहिलं एटीएम आलं त्यात आधी नोटा बाहेर यायच्या, मग कार्ड. लोक नोटा घेऊन चालायला लागायचे. कार्डांचं रबर लावलेलं बंडल माझ्या खणात असायचं. बोर्ड लावला, ‘कार्ड घ्यायला विसरू नका’, लाल अक्षरांत. बंडल तेवढंच राहिलं. माणूस नोटांसाठी आला होता, नोटा मिळाल्या, त्याच्या मनाने काम संपलं. पुढे आधी कार्ड आणि मग नोटा देणारं यंत्र आलं आणि माझा खण रिकामा झाला. त्यात कोणाला शिकवावं लागलं नाही, कोणाची अक्कल काढावी लागली नाही, नुसता क्रम फिरवला.

एटीएमचा विषय काढलाच आहे तर सांगते. लंडनजवळच्या एनफिल्डला 27 जून 1967 रोजी बार्कलेज बँकेचं पहिलं असं यंत्र सुरू झालं. ते काढणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगला. त्यांच्या मनात पिन सहा आकडी होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, माझ्या चारच लक्षात राहतात. म्हणून पिन चार आकडी झाला, असं ते स्वतः सांगत. जगातल्या बहुतेक एटीएमच्या पिनची लांबी एका बाईने आपल्या स्मरणशक्तीच्या मापाने ठरवली, ‘तू नीट पाठ करत जा’ असं तिला नवऱ्याने म्हटलं नाही. मला हा माणूस त्यामुळे फार आवडतो.

आता माझ्या पैशांचं पुढे काय झालं ते. बँकेने सांगितलं की समोरच्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून काढून देता येणार नाही. बरोबरच आहे, मीही काउंटरवर तेच सांगितलं असतं. मग लाइटवाल्या भाईंना फोन केला. ओळख दिली, गिझरची आठवण दिली, चुकून पैसे आले ते परत पाठवा म्हटलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘बेन, आवा फोन तो रोज आवे छे.’ असे फोन तर रोज येतात. ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा’ म्हणून खोटा मेसेज दाखवून लुबाडण्याची युक्ती जुनी आहे, आणि त्यांना ती माहीत होती. पासबुक भरून बघतो म्हणाले, पण फोनवर एक पैसा पाठवणार नाही. ‘तमे जाते आवो.’ स्वतः या.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. सदतीस वर्षं लोकांचे पैसे मोजले आणि आज मीच चोर? दांडिया बाजारातून रिक्षा केली आणि वाडीत त्यांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे सहा फुटांची पट्टी. फळीवर सोल्डरिंगची कांडी, तीन मिक्सरची भांडी, एका पंख्याचं आतडं बाहेर काढलेलं, आणि भिंतीला देवाच्या फोटोखाली क्यूआरचा स्टिकर. भाईंनी चष्मा लावला. माझ्या फोनमधल्या व्यवहाराच्या नंबराचे शेवटचे चार आकडे मला वाचायला लावले आणि आपल्या पासबुकातल्या ओळीशी ताडून पाहिले. मग माझा क्यूआर मागितला. म्हणाले, ‘एक रूपियो मोकलुं छुं. आव्यो?’

आला. एक रुपया.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ‘हवे बोलो. केटला हता?’

संपादक महाशय, मी त्या स्टुलावर बसून गप्पच झाले. केवढे होते, हे त्यांना पासबुकात दिसत होतं. तरी मला बोलायला लावत होते. ‘साडा अढार हजार’ म्हटलं तर ‘पूरूं बोलो’ म्हणाले. मी अठरा हजार पाचशे असं पूर्ण बोलले. त्यांनी 18,499 पाठवले, कारण एक रुपया आधी गेला होता. मग बिलबुकाच्या पाठीवर गुजरातीत दोन ओळी लिहून माझी सही घेतली. ताळा जमला. त्यांना कोणी कॅशियरचं ट्रेनिंग दिलेलं नाही, ते आठवी शिकलेले आहेत, हेही त्यांनीच चहा पिताना सांगितलं.

हा एक रुपया पाठवून बघण्याचा प्रकार कोणत्या बँकेने शिकवला? माझ्या माहितीत कोणी नाही. लोकांनी आपणच शोधून काढला आणि देशभर चालतो. नदीत उतरण्याआधी काठी टाकून बघावी तसा. लोक बेफिकीर असतात असं म्हणणाऱ्यांनी या एका रुपयाचा विचार करावा. रक्कम आपली वाटली, मोठी वाटली आणि थांबायला जागा मिळाली की माणूस आपली तपासणी आपणच उभी करतो. मी ओट्यापाशी का केली नाही? कारण माझी ओळख होती, घाई होती, आणि यंत्राने मला कुठे अडखळू दिलं नाही. पाण्यासारखं सरळ वाहत गेलं सगळं. त्यालाच अलीकडे चांगलं अ‍ॅप म्हणतात.

पैसे घेणाऱ्याच्या बाजूला मात्र कोणीतरी डोकं लावलं आहे. खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला जा. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारून हात ओले झालेली बाई फोनकडे बघतसुद्धा नाही. आधी तिला पोरं खोटे स्क्रीनशॉट दाखवून भाजी घेऊन जायची. आता टोपलीशेजारी ती छोटी डबी असते आणि डबी बोलते, ‘साठ रूपिया मळ्या’. डबी बोलली की पिशवी हातात. बोलली नाही तर जुडी परत ढिगावर. या डबीसाठी कुठे साक्षरता शिबिर भरलेलं मी ऐकलं नाही. कान सगळ्यांनाच असतात आणि बाजारात कान आधीपासूनच कामाला लागलेले असतात.

शिबिरं मी पाहिली आहेत. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं, मागच्या उन्हाळ्यात. एक चुणचुणीत मुलगा भिंतीवर चित्रं टाकून दोन तास बोलला, खमण फार चांगला होता, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे आजोबा लाइटबिल भरायला माझ्याकडेच आले. त्या मुलाने एक शब्द वीसेक वेळा वापरला, ‘सोपं’. ‘हे अगदी सोपं आहे.’ एखादी गोष्ट सोपी आहे असं चारचौघांत सांगितलं की ज्याला ती जमत नाही तो हात वर करत नाही. घरी नातू तर सोपं म्हणायचीही तसदी घेत नाही, ‘द्या इकडे’ म्हणतो आणि चार सेकंदांत करून टाकतो. आजोबा बघत राहतात. बाजारात नवी वस्तू आणताना माणसाकडे कसं जावं हे आमच्या बडोद्याला कोणी शिकवायची खरं तर गरज नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, शहरात मोठं ग्रंथालय उभं केलं, आणि खेड्यातल्या माणसाने वाचायला शहरात यावं अशी वाट न बघता पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या. पेटी गेली, शिबिर नाही.

मूळ मुद्द्यावर येते. माझी मागणी एवढीच आहे. पैसे घेणाऱ्याला बोलणारी डबी दिलीत, ती पैसे जाऊन चुकल्यावर बोलते. पैसे देणाऱ्यालाही पिन टाकायच्या आधी एकदा ऐकू येऊ द्या. अमुक अमुक, पूर्ण नाव, अठरा हजार पाचशे रुपये. मराठीत, गुजरातीत, ज्याच्या त्याच्या भाषेत. काउंटरवरचा ‘केटला?’ तेवढा परत आणा.

हे होण्यासारखं आहे का? माझे एक जुने सहकारी आहेत, जन्मापासून दृष्टिहीन, बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. ते फोनमधल्या टॉकबॅकवर सगळं करतात. बोट ठेवलं की फोन वाचून दाखवतो, एका कानात इयरफोन. माझी हकिकत सांगितल्यावर ते खदखदून हसले. त्यांचे पैसे आजपर्यंत एकदाही चुकीच्या माणसाला गेलेले नाहीत, कारण प्रत्येक वेळी नाव त्यांच्या कानावर पडतं, ते टाळायची सोयच नाही. ‘तुम्हा डोळसांचं अवघड आहे बुवा,’ म्हणाले. आणि यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सप्टेंबर 2023 मध्ये नुसतं बोलून पैसे पाठवायची सोय जाहीर केलीच होती. फोनला आपला हुकूम ऐकता येतो, तर एक प्रश्न विचारायला त्याची जीभ का अडखळावी?

माझा मुलगा म्हणतो, आई, प्रत्येक वडापावला फोन बोलत बसला तर लोक वैतागतील. बरोबर आहे. वडापावाला नको. छोट्या रकमांसाठी पिनसुद्धा लागू नये म्हणून यूपीआय लाइट काढलंच आहे ना, तिथे जाऊ दे सुसाट. मोठ्या रकमेला, किंवा ज्याला वर्षभरात पैसे पाठवले नाहीत अशाला पाठवताना बोलू दे. मी चार वर्षांनी त्या भाईंना पैसे पाठवत होते, आणि तेही साडेअठरा हजार. काउंटरवर एखाद्या नवख्या पोरालाही शंका आली असती. दुसरी हरकत म्हणजे रिक्षात बसल्यावर शेजाऱ्याला रक्कम ऐकू जाईल. फोन कानाला लावून ऐकावं की. पूर्वी फोन कानालाच लावायचे.

थांबवायचं असतं तेव्हा थांबवायला आणि घाई करायची असते तेव्हा घाई करायला या मंडळींना चांगलं जमतं, हे विसरू नका. बसचं तिकीट काढायला जा. 15 रुपयांचा विमा आधीच टिक करून ठेवलेला असतो. काढायला गेलात तर बटण म्हणतं, ‘नको, मी धोका पत्करतो’. कॅशियरने असं कोणाच्या पैशांतून 15 रुपये परस्पर बाजूला काढले असते तर सस्पेंड झाला असता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे. गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू टाकणं त्यात आहे, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं आहे, ‘फक्त दोन सीट उरल्या’ म्हणून खोटी घाई करणं आहे. म्हणजे माणूस वाचत नाही, हात सवयीने चालतो, हे यंत्र बनवणाऱ्यांना आमच्याहून जास्त चांगलं ठाऊक आहे.

आणि खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतात त्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या ज्या बातम्या आपण छापता, तिथेही मला तेच दिसतं. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं की कायद्यात अशी कुठली अटकच नाही, आणि ‘रुको, सोचो, एक्शन लो’. फसलेल्यांत शिकलेलीच माणसं जास्त दिसतात म्हणून लोक नवल करतात. मला नवल वाटत नाही. दिवसच्या दिवस व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलेल्या माणसाला थांबायला सांगून काय उपयोग, त्याला थांबवणारा दुसरा माणूस समोर लागतो. आमच्या शाखेत एकदा एक काका पाच एफडी एकदम मोडायला आले होते. ऑफिसरने नुसतं विचारलं, ‘काका, घरी सगळं ठीक ना?’ काका तिथेच रडायला लागले. भाचा धमकावत होता. तो प्रश्न कुठल्या फॉर्ममध्ये छापलेला नव्हता. असं काही घडलं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावायचा, हे मी आमच्या जिन्यात पाटीवर लिहून ठेवलं आहे. पाटी वाचत नाहीत, हे वर मीच सांगितलं, म्हणून येता-जाता तोंडानेही सांगते.

पत्रलेखकांना एकच विचारायचं आहे. साठीपुढच्यांनी या भानगडीत पडू नये म्हणता, तर कुठे जावं? आमच्या गल्लीजवळच्या शाखेत कॅशचे काउंटर आता किती उघडे असतात ते एकदा जाऊन बघा.

पैशांच्या सवयी इतक्या लवकर सुटत नाहीत. आमच्याकडे हळदीकुंकवाला, मुंजीला, बारशाला फोनवरून आहेर येतात ते 101, 501 असेच. अ‍ॅप खाली 100, 500 अशी तयार बटणं देतं, लोक ती सोडून मुद्दाम वरचा एक टाइप करतात. तो एक टाइप करताना तरी सगळे बघत असतील आकड्याकडे.

मुंज माघात झाली. लाइटवाल्या भाईंना बोलावलं होतं, ते आले. हॉलमधला एक पंखा खडखड करत होता, जेवायला बसण्याआधी त्यांनी स्टुलावर चढून तो नीट केला. जाताना बटूच्या हातात पाकीट दिलं. आत शंभराची नोट, आणि पाकिटावर कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं.

कळावे,
आपली एक जुनी वाचक, निवृत्त हेड कॅशियर,
दांडिया बाजार, बडोदे